गजऱ्याचं साल

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, सबंध सोलापूर जिल्ह्यातले असे एकमेव गृहस्थ असतील, की ज्यांनी जन्मभर वाइन करण्यापलीकडे दुसरं काही केलं नाही आणि तिचा एक घोटही पोटात जाऊ दिला नाही. मोडनिंबच्या आत, हायवे सोडून थोडं गेलं की त्यांची बाग लागते. दाजींच्या वडिलांनी, अण्णांनी, ती बेदाण्यासाठी लावली होती. दाजींनी तिथं वाइनची द्राक्षं लावायचं काढलं तेव्हा अण्णांनी अबोला धरला आणि तो सोडताना एकच अट घातली, ‘करायची ती कर. पर नरड्याखाली उतरली तर ह्या घरात पाय ठिवायचा न्हाय.’ अण्णा गेले, अट राहिली. दाजी घोट घेतात, डोळे मिटतात, तो या गालातून त्या गालात फिरवतात आणि वाइनच्या शेडच्या खिडकीतून थेट बाहेरच्या शेवग्याच्या बुंध्याशी सोडतात. नेम कधी चुकत नाही. तो शेवगा तिरका वाढलाय. तालुक्यातला सगळ्यात अट्टल बेवडा तोच, असं गावात म्हणतात, आणि त्याच्या शेंगा मात्र आमटीसाठी आवर्जून मागून नेतात.

दाजींना सनावळ्या कळत नाहीत. त्यांच्याकडं प्रत्येक साल म्हणजे त्या सालची वाइन, आणि तिला घरातल्या कुठल्यातरी प्रसंगाचं नाव. माझी भाची वैशू, तिच्या बारशाचं साल अवखळ, बाटलीत गप्प बसायला तयार नाही. अण्णा गेले ते साल कडवट, घशाशी थांबून राहणारं. संध्याकाळी शेडच्या दारात बसले की ही सालं एकेक करून त्यांच्या जिभेवर येतात. ‘त्या साली गारपीट झाली बगा. निम्मी बाग गेली. पर उरलेल्या घडांनी लाज राखली,’ असं ते नात्यातल्या माणसांबद्दल बोलावं तसं बोलतात. माझं लग्न झालं त्या साली तर त्यांनी मांडवातच, अक्षता पडल्या पडल्या, माझ्या बायकोसमोर जाहीर केलं, ‘औंदाचं साल आंबट हाय. पर सुदरंल.’ ते वाइनबद्दल बोलत होते हे मी आजवर बायकोला अनेकदा समजावलंय. तिला ते पटलेलं नाही.

पण दाजींचं खरं वैभव म्हणजे त्यांचं नाक. ते नाकच त्या घराचा कारभार पाहायचं म्हणा ना. गळीत हंगामात श्रीपूरच्या बाजूला जायचं झालं तर कारखान्याच्या मळीचा वास नाकात मुक्कामाला येईल म्हणून ते लांबचा वळसा घालतात, वर नाकाला मफलर. एका पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तर पोह्यांची बशी नुसती नाकाशी नेऊन म्हणाले, ‘तेल काल भज्याला वापरलेलं हाय जणू.’ ती सोयरीक जुळली हे मुलीकडच्यांचं मोठेपण. आणि द्राक्षं काढायला आली की घरात नियम सुरू व्हायचे. मिरचीची फोडणी बंद, उदबत्ती बंद, वासाचं तेल बंद. आक्काला गजऱ्याची भारी हौस. लग्नाआधी सोलापुरात मंगळवारी-शुक्रवारी गजऱ्याशिवाय ती बाहेर पडायची नाही. दाजींच्या घरी ती हौस आधी हंगामापुरती बंद झाली. मग टाकीतली वाइन मुरतेय, मग बाटल्या भरायच्यात, असं करत करत वर्षभराची झाली. शेडमध्ये तर ती कधी पाऊलही टाकत नसे. ‘माझ्या केसाचा बी वास येतोय त्यास्नी,’ म्हणायची, आणि हसायची. मला त्या हसण्याचा राग यायचा.

मागच्या हंगामात, रस टाकीत फसफसत असतानाच, दाजींना ताप आला. उतरला. पुढं चैत्रात मी गेलो तेव्हा आक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘सकाळी दूध करपलं. सगळं घर भरलं वासानं, आन् ह्ये गप बसलेत. काय तरी झालंय रं.’ तिनं एक युक्ती केली. मीठ-जिरं न घालता आमसुलाचं सरबत केलं, वाइन चाखायच्या ग्लासात ओतलं आणि माझ्या हातानं शेडमध्ये पाठवलं. टाकीतून काढून आणलंय म्हणायला सांगितलं. दाजींनी ग्लास फिरवला, उजेडात धरला, नाक आत घालून लांब श्वास घेतला. घोट घेतला, शेवग्याकडं सोडला. शेवग्यानंसुद्धा ओळखलं असेल. दाजी मात्र गंभीरपणे म्हणाले, ‘पाव्हणं, हे तुमच्या लग्नाच्या सालावर गेलंय बगा.’

मला हसू आवरेना. पण दारात आक्का उभी होती, तिचा चेहरा बघून ते तिथंच विरलं. दाजींनी तिच्याकडं पाहिलं, ग्लासाकडं पाहिलं आणि उलट्या क्रेटवर खाली बसले. ‘तापात नाक गेलं गं माजं,’ म्हणाले. ‘टाकीत काय चाललंय, मला कायबी कळंना. चांगली हाय का आंबून तिचा शिरका झालाय, देवालाच ठावं.’ डॉक्टर म्हणाले, वास परत येईल किंवा येणारही नाही. लॅबमधून कागद आला, वाइन उत्तम आहे. दाजींनी तो बाजूला सारला. ‘कागदाला नाक असतंय व्हय?’ दिवाळीपर्यंत वाट बघायची, नाहीतर आहे ती वाइन शिरक्यासाठी देऊन टाकायची आणि बाग परत बेदाण्याला, असं त्यांनी ठरवून टाकलं. दाजी बेदाणे वाळवतायत हे चित्र मला डोळ्यासमोर आणवेना.

मग आक्कानं सूत्रं हाती घेतली. जे जे त्या घरात बंद होतं ते ते औषध म्हणून सुरू झालं. दाजींना चुलीशेजारी बसवून मिरचीच्या फोडण्या, हिंग, कापूर, ठेचलेला लसूण. शेजारीपाजारी खोकून बेजार. दाजींच्या डोळ्यांतून धारा. ‘डोळ्याला कळतंय की,’ ते म्हणायचे, ‘नाकाला न्हाय कळत.’ रोज संध्याकाळी एक ताजा गजरा त्यांच्या नाकाशी धरायचा, आणि मग टाकून कशाला द्यायचा म्हणून आक्का तो डोक्यात माळायची.

गौरीजेवणाला आम्ही नवराबायको एसटीनं गेलो. ओसरीवर बूट काढून मी मोजे काढत होतो. दाजी खांबाला टेकून बसले होते. एकदम त्यांची मान वर झाली.

‘पाव्हणं, हितं काय मेलंय?’

‘कुठं?’

‘तुमच्या पायापाशी.’

मी ओशाळून मोजे पुढं केले. त्यांनी ते हिसकावून तोंडाशी धरले आणि असा श्वास घेतला, की मला वाटलं आता हा माणूस पडणार. डोळे भरून आले. ‘आगं ए! हिकडं ये आदी! पाव्हण्याचा मोजा घाण मारतोय! लई घाण मारतोय!’ आतल्या बायकांना वाटलं भांडण लागलं. आक्का पुरणानं माखलेल्या हातांनी धावत आली, मोजा बघितला, दाजींना बघितलं आणि मटकन खाली बसून रडायला लागली. माझी बायको तेवढी शांत होती. ‘मी किती वर्षं सांगतेय,’ म्हणाली. उभ्या आयुष्यात माझ्या मोज्यांचं असं स्वागत झालं नव्हतं.

तसेच आम्ही शेडकडं गेलो. आक्का सवयीनं उंबऱ्याशी थांबली. गौरीचा दिवस, डोक्यात भरगच्च गजरा. तिचा हात तो काढायला वर गेला.

‘ऱ्हाऊ दे,’ दाजी म्हणाले.

‘आवो, वास मिसळंल की.’

‘मिसळू दे. तू आत ये आदी.’

ती आत आली. टाकीचा नळ सुटला, ग्लास भरला, दाजींचं नाक आत गेलं आणि बराच वेळ बाहेरच येईना. मग ते म्हणाले, ‘चांगली हाय.’ थांबून म्हणाले, ‘लई चांगली हाय गं.’ घोट घेतला, खिडकीकडं वळले आणि तिथंच उभे राहिले. घोट आत गेला होता. ग्लास माझ्याकडं देऊन त्यांनी दोन्ही कान पकडले. ‘अण्णा, चुकून गेली.’

‘जाऊ द्या,’ आक्का म्हणाली, ‘वर गेल्यावर मी सांगते अण्णास्नी.’

बाग राहिली. ती वाइन आता बाटल्यांत आहे आणि त्या सालाला दाजी गजऱ्याचं साल म्हणतात. मोडनिंबच्या बाजारातून ते आता स्वतः गजरा आणतात, ऐन हंगामातही. वाटेत आधी मनसोक्त हुंगून घेतात. आक्काचे केस विरळ झालेत, अंबाड्यावर गजरा ठरत नाही, सारखा घसरतो. परवा माझ्यासमोरच ती म्हणाली, ‘केस हुते तवा आणायचा हुता की.’

दाजींनी खिशातून केसाची पिन काढली आणि तिच्यापुढं धरली.