बाविसाचे अठरा

डेव्हिट किनिअरची नजर गेली आहे, हे स्कॉटलंडमधल्या आमच्या सेंट अँड्र्यूज गावात फक्त मला ठाऊक होतं. त्याच्या बायकोला, गिर्झेलला, कळलं असतं तर तिने त्याला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. आणि घरात बसायचं म्हणजे डेव्हिटला मरणच.

आम्ही दोघं धनी लोकांच्या गोल्फच्या काठ्या काखेत मारून माळावर हिंडणारे. त्यातला डेव्हिट पुढ्या. आधीच पुढे जाऊन उभं राहायचं आणि चेंडू कुठे पडला ते हात करून दाखवायचं. पिसं ठासलेला तो चामडी चेंडू आमच्या मजुरीहून महाग, म्हणून सगळी भिस्त पुढ्याच्या नजरेवर. नजर अधू झाली तसे डेव्हिटने, चेंडू ज्यांत घालायचा त्यातले पहिले चार खळगे धरून ठेवले. ते जवळजवळ होते. चेंडू धप्प वाजला की याचा हात वर.

मग सतराशे चौसष्ट साली धनी लोकांच्या मनात आलं, हे चार खळगे फारच जवळजवळ, त्यांचे लांब लांब दोन करा. जाताना दोन कमी, त्याच वाटेने येताना दोन कमी. बाविसाचे अठरा झाले. त्यांचं काय जातंय!

"आता अंतर वाढलं, जमायचं नाही रे," मी म्हटलं.

"तू गप. माझे कान शाबूत आहेत."

पहिल्याच दिवशी वारा सुटला होता. लांबून आलेला चेंडू गवतातून गडगडत डेव्हिटच्या पायाशी थांबला. त्याने मोठ्या ऐटीत हात केला तो पार काटेरी झुडपांकडे. सगळे खो खो हसले. आमचे धनी जवळ गेले, त्यांनी त्याच्या तोंडासमोर हात हलवून पाहिला.

"किनिअर, घरी जा बाबा," ते हळूच म्हणाले. त्यापेक्षा शिवी परवडली असती.

मी त्याला घरी नेलं आणि गिर्झेलला सगळं सांगितलं.

"कधीपासून?" तिने त्याला विचारलं.

"गेल्या कापणीपासून."

"आणि मी? मी तरी दिसते का?"

"तू कशाला दिसायला हवीस, बये? बंदरापर्यंत ऐकू येतेस की!"

गिर्झेल मोठ्याने हसली. त्याला चुलीजवळ बसवून हातात लापशीचा वाडगा दिला. मग त्याच्यासमोरच बसून, तोंडात एप्रनचा बोळा कोंबून, ती आवाज न करता रडत राहिली.

डेव्हिट लापशी खात म्हणाला, "हसलीस ना? मी उगाच भीत होतो."