काळ्या सदऱ्यातले मामा

माझ्या बायकोच्या मामांनी मला जितके धक्के दिले, तितके धुळे-रावेर रस्त्यानेही दिलेले नाहीत. माणूस रावेरचा केळीवाला, बारा महिने पांढरा सदरा आणि टोपी. पण हौशी अशा, की घरातल्यांनी कपाळाला हात लावावा. मध्यंतरी त्यांनी इमू पाळले आणि रोज संध्याकाळी त्यांना बसस्टँडपर्यंत फिरायला नेलं. माझ्या लग्नात तर मला घोड्यावरून उतरवून वरातीत स्वतःच बसले. "घोडा बुजरा शे का नाही, ते पाहू द्या!" म्हणाले, आणि थेट मांडवापर्यंत पाहत राहिले.

मामी गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षी मामा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला गेले. दवाखान्याशेजारच्या चर्चमध्ये पंखा दिसला म्हणून आत जाऊन बसले. तिथे एका गायकवृंदाची तालीम चालली होती. तीन-तीनशे वर्षांपूर्वीची युरोपातली देवाची गाणी, आणि साथीला वाद्यंही त्याच काळच्या घडणीची. मामा परतले ते एक डोळा झाकलेला आणि दुसरा विस्फारलेला. जेवताना म्हणाले, "जावईबापू, त्या व्हायोलिनले तारा कशाच्या, सांगा! आतड्याच्या! बकऱ्याच्या आतड्याच्या!" घर माळकरी. सुनेच्या हातातली वरणाची पळी तशीच हवेत राहिली.

त्यानंतर मामांनी गायकवृंद चालवणाऱ्या बाईंना दर रविवारी फोन करून आणि केळी पाठवून इतकं हैराण केलं, की त्या अख्खा ताफा घेऊन जळगावला यायला तयार झाल्या. मामांनी झाडून सगळ्या नातेवाइकांना निरोप धाडला, "भजन शे, बठ्ठे या." दुपारी हॉल गच्च भरला. वादकांनी तारा जुळवायला घेतल्या. उकाड्याने त्या सारख्या उतरत होत्या. त्या अखेर जुळल्या तेव्हा लोकांना वाटलं पहिलं भजन झालं, आणि टाळ्यांचा कडकडाट! मग काळ्या कपड्यांतले गायक रांगेने आले, आणि बायकोने माझं मनगट करकचून धरलं.

"अहो, मागच्या रांगेत मामा!"

काळा सदरा घालून, टोपी काढून मामा उभे होते. पुढे चक्क लॅटिनमध्ये गायला लागले. बागेत महिनोन्‌महिने हातवारे करत पुटपुटायचे, तेव्हा आम्ही गुपचूप डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं. ते पुटपुटणं म्हणजे हे! मी आ वासून बसलो.

गाणं ऐन रंगात असताना लाइट गेली. बंद हॉलमध्ये मिट्ट काळोख. समोरचे कागद दिसेनासे झाले, तशी व्हायोलिनं थांबली, बासऱ्या थांबल्या, गायक एकेक करून गप्प झाले. मामा मात्र थांबले नाहीत. सगळं फोनवर ऐकून पाठ केलेलं. काळोखात त्यांचा तो जाडाभरडा, जरा उतरलेला आवाज एकटाच चालला होता. आता लोक हसणार, असं वाटलं. मागे कोणी तरी खुसखुसलंही. तेवढ्यात गायिकांच्या रांगेतून एका आवाजाने त्यांची ओळ उचलली. मग आणखी एकाने. मग तारा वाजू लागल्या. लाइट आली तेव्हा हॉलमध्ये कोणी हलत नव्हतं.

संध्याकाळी मामांना रावेरला सोडायला मीच गाडी काढली. जळगाव मागे पडल्यावर विचारलं, "मामा, एकटं गाताना भीती नाही वाटली?"

ते बाहेरच्या केळीकडे बघत म्हणाले,

"या गाण्यात आपण एक ओळ म्हटली का पलीकून तीच ओळ परत येते, बापू. तुमची मामी गेल्यापासून घरात म्या काही म्हटलं त कोनाकूनच काही येत नाही. अंधारात वाटलं, थांबलो त इथंबी बठ्ठं गप होऊन जाईन."

मग ते आपली ओळ गुणगुणू लागले. ती संपल्यावर मी घसा खाकरला आणि जमेल तशी परत म्हटली.

"सूर चुकला," मामा म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.