तेरहून मालवण: घोडामाशाच्या खाडीपर्यंत

माझ्या बायकोला, इंदूला, सातवा महिना लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. पण माहेर कुठं, तर मालवणला! तेरच्या माणसाला तो दुसरा मुलुखच. माझे सासरे आमच्या छोट्या रेल्वेगाडीच्या लायनीवर, कुर्डुवाडीला, नोकरीला होते, म्हणून ही सोयरीक जुळली. निजामाचे शेवटचे दिवस, रझाकारांची धास्ती. आई म्हणाली, "आत्ताच निघा. फुडं रस्ता ऱ्हाईल न ऱ्हाईल." मला मात्र वेगळीच भीती होती. समुद्राकाठी गेलेली ही पोरगी आमच्या काळ्या मातीत परत येईल का?

आज तुम्ही मोटारीनं एका दिवसात पोचाल. आमचा मिरजेपर्यंतच जीव मेटाकुटीला आला. बार्शीच्या अलीकडं निजामाचा जकातवाला डब्यात चढला.

"गठुड्यात काय हाय?"

"दशम्या अन् शेंगाची चटणी. बायकूला म्हायेरी सोडायलोय."

त्यानं इंदूकडं बघितलं, गठुड्याला हात लावला न्हाय. "नीट न्या," एवढंच म्हणाला. बार्शीत आपला निजामी हाली सिक्का मोडून इंग्रजी मुलखात चालणारं कलदार नाणं घेतलं, मग पुढचा प्रवास.

कोल्हापूरहून सर्विस मोटार. फोंडा घाटाची वळणं लई वाईट, लिंबू जवळ ठेवा. घाट उतरल्यावर हवा चिकट झाली. मी घामानं बेजार, आणि इंदू खिडकीशी सरसावून बसलेली. तेरला तिचं तोंड असं फुललेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मला आनंद व्हायला पाहिजे होता, पण मी वळून वळून मागं पडलेल्या घाटाकडंच बघत राहिलो.

तेरला तेरणा नदीच्या काठी बसून ती घोडामाशाच्या गोष्टी सांगायची, आणि आमची मंडळी हसायची. "पाण्यात घोडं? लई झालं!" म्हणून मालवणला पोचल्यावर मी हट्टच धरला, दाखव. तिचे काका ओहोटी बघून आम्हा दोघांना होडीतून खाडीत घेऊन गेले. मला वाटलेलं, घोडा म्हणजे मोठ्या लाटांत उधळत असणार.

"लाटांत नाय गावाचो," काका म्हणाले. "शांत, उथळ पाणी होया. गवात नायतर कांदळाची मुळां. थंयच ह्येचो संसार."

कांदळ म्हणजे खाडीकाठची खारफुटी. होडीवरून वाकून बराच वेळ बघितलं तेव्हा दिसला. बोटाएवढा, तोंड अगदी घोड्याचं, पाण्यात उभाच्या उभा. शेपटीनं गवताची काडी धरलेली. पोट टम्म.

"भरल्या दिवसांची दिसतीय," मी म्हणालो.

काका हसले. "बापूस तो, जावयबापू. ह्येंच्यात पोरां बापूस पोटात घेऊन फिरता."

इंदू तोंडाला पदर लावून हसली. मला हसू येईना. मला त्या माशाचा खरंच हेवा वाटला. (तुम्ही गेलात तर ओहोटीलाच जा, आणि त्याला पाण्याबाहेर काढू नका.)

निघायच्या सकाळी मी विचारलंच. "परत येशील न्हवं तेरला?"

"तुम्ही न्यायला या," ती म्हणाली. "रस्ता असला तर."

मी एकटाच तेरला उतरलो. पुढं खरोखरच रस्ते बंद झाले, पत्रंही येईनात. मुलगी झाली हे कुर्डुवाडीहून सासऱ्यांनी कुणाहाती कळवलं. तिचं नाक कुणासारखं, रडते कशी, मी नुसता अंदाज करत बसायचो. जेवणावर वासना नव्हती. रोज संध्याकाळी गाडीच्या वेळेला स्टेशनात जायचो, उगीचच.

दोनेक वर्षांनी निजामी गेली, आणि मी न्यायला निघायच्या आतच एका दुपारी सासरे दोघींना घेऊन उतरले. इंदू काळवंडली होती, पण हसत होती. पोरगी आपल्या पायांनी फलाटावर चालत आली, मला बघून थबकली आणि आईचा पदर मुठीत घट्ट धरून म्हणाली, "आये, हो कोण?"

"बाबा गो तुझे," इंदू म्हणाली.

मी हात पुढं केले. ती पदराआड गेली. इंदू परत आली होती, पण माझी लेक अजून यायची होती.