राहिलेला जबाब

ती घटना आठवली की आजही मला माझाच राग येतो.

पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर मी दोन वर्षं कतारमध्ये, इंडस्ट्रियल एरियाजवळच्या एका कामगार वसाहतीत सुरक्षाप्रमुख होतो. वर्ल्ड कपची स्टेडियमं उभी राहत होती. गेटवर तपासणी, खोल्यांची झडती, रोजचा अहवाल. अंगावर खाकी नव्हती, बाकी सगळं ठाण्यासारखंच.

एका गुरुवारी स्टोअरकीपरने खबर दिली. "सर, तो गुहागरकडचा पेंटर दर शुक्रवारी जेवणानंतर पाण्याच्या टाक्यांमागे जातो. परततो तेव्हा डोळे लाल असतात."

दारू, मी मनात म्हटलं. वसाहतीत दारू म्हणजे थेट घरी रवानगी. शुक्रवारी सकाळी मी अहवाल पाठवूनही दिला आणि दुपारी पेंटरला टाक्यांमागून केबिनमध्ये आणलं. तोंडाला वास नव्हता.

पन्नाशीचा, काटकुळा माणूस. चौकशीत मी बराच वेळ काही विचारतच नसे. शांतता सोसणारे फार थोडे असतात. हा पाऊण तास सोसत बसला. शेवटी मी त्याचा मोबाइल घेतला. व्हॉट्सअॅपवर एकाच नंबरला पाठवलेलं गाणं, दर शुक्रवारी तेच, त्याच्याच आवाजात. प्रत्येकापुढे एकच टिक; एकही पोचलं नव्हतं.

"कोणाचा नंबर?"

"तुरेवाल्या शाहिराचा. वारला तो, गेल्या शिमग्यात."

मग तो बोलला. हा स्वतः शक्तीवाला शाहीर. तीस वर्षं शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्यांत, म्हणजे दोन शाहिरांच्या सवाल-जबाबाच्या सामन्यांत गायला, पण नाव तालुक्याबाहेर गेलं नाही. कॅसेटवाल्यांनी कधी बोलावलं नाही. तो तुरेवाला त्याचा कायमचा प्रतिस्पर्धी. कतारला निघण्याआधीच्या बारीत त्याने घातलेला सवाल याला सुटला नाही. गाण्यातून जबाब न देता उतरायचं म्हणजे मान खाली. "पुढच्या बारीला देतो," म्हणून हा विमानात बसला. जबाब इथे भिंती रंगवताना सुचला, तोवर विचारणारा गेला होता. तरी दर शुक्रवारी टाक्यांमागे तो गाऊन हा त्याच्याच नंबरवर पाठवायचा.

"दुसऱ्या कोणाला ऐकवायचा," मी म्हटलं.

"कुणाला, साहेब? माझं गाणं मन लावून ऐकणारा तोच एक व्हता. चूक काढायची म्हणून का व्हयना."

मला ऐकव म्हटलं, तर म्हणाला, आधी सवाल ऐकायला लागेल. आणि त्याने प्रतिस्पर्ध्याचा सवाल त्याच्याच चालीत गायला. शेवटच्या कडव्यात तुरेवाल्यांच्या गुरूचं नावही मान लववून घेतलं. बारीत कुठलाही शक्तीवाला हे करणार नाही. तिथेच त्याला रडू फुटलं. जबाबापर्यंत तो पोचलाच नाही.

मी लगेच मॅनेजरला फोन लावला. तो म्हणाला, "रिपोर्ट तो आपही का है, सर. व्हिसा कॅन्सलेशन का लेटर निकल गया. खलास."

चौकशीआधी निष्कर्ष लिहू नये, हे मी नव्या हवालदारांना वर्षानुवर्षं शिकवलं होतं. एकटा माणूस आणि संशयित माणूस लांबून सारखेच दिसतात, हे मात्र मला कोणी शिकवलं नव्हतं.

मंगळवारी तो बॅग घेऊन गेटवर आला. जाणाऱ्याच्या नावापुढे कारण लिहावं लागे. मी पेन धरून बसून राहिलो.

"लिवा साहेब," तोच म्हणाला, "बस सुटंल."

मी 'मद्यपान' लिहिलं. त्याने खाली सही केली.