एक जूनची मुलगी

सतरा वर्षांखालच्या भारताच्या मुली फुटबॉलमध्ये हरल्या की शिक्षकांच्या खोलीत सगळ्यात मोठा आवाज माझा. "एवढ्या मोठ्या देशात यांना अकरा मुली मिळत नाहीत?" असं मी टेबलावर हात आपटून विचारायचो.

गेल्या वर्षी तलासरीकडच्या पाड्यावरची माझी एक जुनी विद्यार्थिनी आईला घेऊन शाळेत आली. त्याच संघाच्या निवड शिबिरातून तिला परत पाठवलं होतं. कागदावर तिचं वय मर्यादेपेक्षा सात महिन्यांनी जास्त भरत होतं.

मी शाळेचं जुनं रजिस्टर काढलं. जन्मतारीख एक जून. अक्षर माझंच. त्या पानावरची निम्मी मुलं एक जूनलाच जन्मलेली.

पहिलीत नाव घालताना मी आईला तारीख विचारली होती. "मोहाची फुलं पडत होती, तेव्हा झाली," ती म्हणाली होती. म्हणजे मार्च-एप्रिल. पण मला पट भरायचा होता, त्यासाठी सहा वर्षं पूर्ण झालेलं मूल हवं होतं. म्हणून मी तिला सरळ आदल्या वर्षीच्या जूनमध्ये जन्माला घातलं आणि घरी जाऊन पोटभर जेवलो.

"आई, मी मोहाच्या दिवसांतली ना?" मुलीने विचारलं.

बोलायला हवं होतं ते मी. मी रजिस्टरची पानं उलटत बसलो.

आईने माझ्याकडे पाहिलं आणि मुलीला हलकेच म्हणाली, "गुरुजींनी लिहिलंय ना, मग तेच खरं असंल. मीच विसरले."