बूम खाली बसत होता

त्या वर्षी आमची इंजिनिअर कंपनी उत्तरेकडच्या डोंगरात, तेरा हजार फुटांवर, रस्ता उघडा ठेवायच्या ड्यूटीवर होती. मी कळंबचा, हवालदार, मशिनरीचा मेकॅनिक. आमच्याकडं एक मिनी एक्स्कॅव्हेटर होता, खोदकामाचं छोटं मशीन; त्याच्या लांब हाताला बूम म्हणतात, टोकाला बकेट. त्याचा ऑपरेटर नायक सिद्राम, अणदूरचा. घरी फोनवर तो कानडीत बोलायचा, माझ्याशी मराठीत, आणि मशीनशी दोन्हींत.

संध्याकाळी पाच वाजता त्यानं रिपोर्ट दिला. "उस्ताद, बूम उचलून धरला की आपोआप खाली बसतोय."

मी बूम उचलणारा तेलाचा सिलिंडर पुसून पाहिला. बाहेर तेलाचा थेंब नव्हता, रॉडवर ओरखडा नव्हता. उजेड चालला होता. सकाळी बघू, म्हणालो.

सकाळी सहा चाळीसला दरड आली, ती रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेल्टरवर. आत सिद्राम आणि सिग्नलमन बिष्ट होते. जवान फावडी घेऊन धावले. मी मशीन सुरू केलं, बूम उचलला आणि लिव्हर सोडला. मिनिटभरात बकेट वीतभर खाली आली.

मेजर साहेबांनी विचारलं, "कितना टाइम?"

"पहले देखना पड़ेगा, साब."

बाहेर गळती नसताना बूम बसतो, तेव्हा बहुतेक दोनच ठिकाणी शंका घ्यायची. एक, सिलिंडरच्या आतलं पिस्टनचं सील. दुसरं, तेल सोडणारा-अडवणारा कंट्रोल व्हॉल्व्ह. दोष व्हॉल्व्हचा निघाला असता तर तिथं आमच्या हातात काही नव्हतं. मी बूम पुरता वर नेला, खाली लाकडाचे जाड ठोकळे रचून टेकू दिला, प्रेशर काढलं. रॉडच्या बाजूची तेलाची नळी सोडून तिचं तोंड बंद केलं आणि एका जवानाला लिव्हर पुन्हा बूम वर न्यायच्या बाजूला धरायला सांगितलं. सिलिंडरच्या उघड्या तोंडातून तेलाची धार लागली, ती थांबेना. म्हणजे तेल पिस्टनला ओलांडून येत होतं, सील गेलं होतं. सील किट स्टोअरमध्ये होतं.

"एक घंटा, साब. ऐसे चलाया तो बकेट उनके ऊपर बैठेगी."

साहेबांनी एकवार दरडीकडं पाहिलं. "खोल दो."

सिलिंडर उतरवून, खोलून परत चढवायला सत्तर मिनिटं लागली. थंडीनं बोटं वळत नव्हती. मागं फावड्यांचा आवाज सतत येत होता. मी एकदाही वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर हात थांबले असते.

शेवटची मोठी शिळा मी मशीननं उचलून धरली. या वेळी बूम जागचा हलला नाही. शिळा बाजूला ठेवली आणि जवान आत शिरले. बिष्ट जिवंत होता, पाय मोडला होता. त्याच्या शेजारी सिद्राम. डॉक्टर म्हणाले, हा पहिल्याच क्षणी गेला असणार. ते खरं होतं की माझ्याकडं बघून म्हणाले, मी विचारलं नाही.

त्याला घेऊन अणदूरला मीच आलो. अंत्यविधी उरकून सगळे गेल्यावर त्याच्या आईनं मला जवळ बसवलं.

"लई येळ जित्ता व्हता का रं?"

डॉक्टरांनी सांगितलं ते मी सांगितलं. मग माझंही सांगितलं: सिद्राम आदल्या दिवशीच बोलला होता, मीच सकाळवर ढकललं. मशीन खोललं त्या सत्तर मिनिटांचंही सांगितलं.

त्यांनी विचारलं, "ते दुसरं लेकरू?"

"वाचलं, आई."

"मग मशीन खोललंस, ते बरं केलंस." आदल्या दिवसाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. आजवर नाही.

मी पेन्शनवर आल्यानंतर एका वर्षी बिष्ट खंडोबाच्या यात्रेला अणदूरला आला. थोडा लंगडतो. आईंना हिंदी कळत नाही, म्हणून मी मध्ये बसलो. तो म्हणाला, त्या सकाळी चहा एकालाच पुरेल एवढा होता आणि सिद्रामनं कप त्याच्या हातात दिला होता. मी मराठीत सांगितलं.

आईंनी मान हलवली. "घरी बी तसंच करायचा," म्हणाल्या.