विष्णूचा राहिलेला शेवट

मी चित्रपटाचा शेवट सांगून टाकला. चित्रपट सुरू व्हायच्या आधी, माईकवरून, भरल्या हॉलसमोर. तीन आठवड्यांनी विष्णू गेल्याचा फोन आला, तेव्हा रडण्याच्याही आधी माझ्या मनात आलं, हा माझ्यावर रागावूनच गेला...

विष्णू माझा शाळेपासूनचा दोस्त. ऐन विशीत तो नांदूरघाटला तंबूतल्या टॉकीजवर कामाला होता. मालक एक, चित्रपटाची प्रत एक आणि तंबू दोन गावांत दोन. इथं एक रीळ संपलं की डबा सायकलला बांधून विष्णूने तिकडच्या तंबूत पळवायचा. इथं शेवटचं रीळ लागायचं तेव्हा हा आधीचा डबा घेऊन वाटेत, आणि तिकडे शेवटचा डबा पोचवला की आधीचे डबे घेऊन लगेच माघारी, कारण इकडे दुसरा खेळ खोळंबलेला. त्यामुळे एका मास्तरच्या गोष्टीचा जुना चित्रपट त्याने तुकड्यातुकड्यांनी वीसेक वेळा पाहिला, शेवट मात्र एकदाही नाही. कुणाला विचारायचाही नाही. पुढे तो चित्रपट मोबाईलवर आला, तर विष्णू म्हणाला, "इतकी वर्षं थांबलो अन् आता तळहाताएवढा बघू का बे? पडद्यावरच बघीन."

यंदा गावच्या साहित्य महोत्सवात लेखकांनी आपापल्या आवडत्या चित्रपटाची ओळख करून द्यायची आणि मग तो सगळ्यांनी बघायचा, असं ठरलं. समितीत विष्णू. त्याने मला गाठलं. "तुझा आवडता म्हनून ह्योच सांग. माझ्या आवडीला कोन इचारतंय? तू लेखक हायेस." मग बोट रोखून म्हणाला, "पाच मिनिटं बोल. शेवट सांगू नको."

तयारी म्हणून मी कोटाला इस्त्री केली. चित्रपट शाळकरी वयात पाहिलेला. पुन्हा बघायची गरज वाटली नाही. लेखकाला सगळं आठवतंच! शाळेच्या हॉलमध्ये, भर दुपारी, पाच मिनिटांची वीस झाली, लोक मोबाईल काढू लागले आणि मला कुणाला तरी रडवल्याशिवाय खाली बसवेना. आवाज कापरा करून मी सांगितलं, की मास्तर वाट बघत बघत मरतो आणि मग त्याची बायको येते... दोन बायांनी डोळ्यांना पदर लावला. मी खूश! मग विष्णूकडे नजर गेली. त्याने कपाळाला हात लावला होता. दिवे मालवले तसा मी मागच्या दाराने सटकलो आणि बीडची एसटी धरली.

फोन करावा असं रोज वाटायचं. पण काय तोंडाने करणार? उद्या करू, उद्या करू म्हणत राहिलो आणि एका सकाळी त्याचं हृदयच थांबलं. अंत्यविधीला मी गर्दीच्या पार मागे उभा होतो, वहिनींची नजर चुकवत.

महिन्याने धीर करून त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी चहा दिला. कप हातात तसाच धरून मी कबूल केलं, "वहिनी, त्याचा शेवट मी नासवला."

"कुठं नासवला?" त्या म्हणाल्या. "तुमी सांगितला त्यो दुसऱ्याच कुठल्या पिच्चरचा व्हता, भाऊजी."

"म्हणजे मास्तर मरत नाही?"

"कावून मरंल?" आणि त्यांनी खरा शेवट सांगितला. तो मी इथं लिहीत नाही. तेवढी अक्कल आता आली आहे. "मी तिथंच व्हते. हे डबे पळवायच्या सवयीनं आयुष्यभर दाराजवळ बसनारे. त्या दिवशी मास्तर आता मरतोय, मग मरतोय म्हनून सरकत सरकत पार पहिल्या रांगेत गेले. शेवटाला तर उठून हुबेच! घरी येईस्तोवर लई हसले. मधीच डोळे पुसायचे, परत हसायचे."

मी दीड-दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला आणि गार झालेला चहा पिऊन टाकला. एका चुकीतून मला माझ्याच दुसऱ्या, त्याहून मोठ्या चुकीने सोडवलं होतं.

"मग मला फोन का नाही केला त्याने?"

"म्हनले, ऱ्हाऊ द्या थोडे दिवस तोंड लपवून. मजा येती."

"आणि... माझ्या भाषणाबद्दल काही?" लेखकाला राहवतं होय!

"म्हनले की," वहिनी रिकामे कप उचलत म्हणाल्या. "बरं झालं, म्हनले, गड्यानं एवढी पुस्तकं लिहिली पन शेवट धड एकाचाबी जमत न्हाई."